एक लाख क्युसेक

पावसाळा लागला की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत रोज एक आकडा छापून येतो. खडकवासल्यातून इतके हजार क्युसेक, कोयनेतून इतके, उजनीतून इतके. पुलावर पाणी येणार का, एवढंच आपण त्यातून काढून घेतो आणि पान उलटतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८.३ लिटर. एक लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लाख ३० हजार लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर हा पाणीपुरवठ्याचा मापदंड धरला, तर दहा लाख वस्तीच्या गावाची अख्ख्या दिवसाची गरज या पाण्याने ४८ सेकंदांत भागते. हाच विसर्ग चोवीस तास टिकला तर ८.६४ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी निघून जातं. खडकवासला धरणाची क्षमता १.९७ टीएमसी आहे. ते पूर्ण रिकामं असलं तरी या हिशेबाने साडेपाच तासांत काठोकाठ भरेल.

कागदावर हे मांडता येतं, पण डोळ्यांना पटत नाही. त्यासाठी पडणारं पाणी समोर बघावं लागतं, आणि तेही एकाच नदीचं, वेगवेगळ्या ठिकाणी, एकाच दिवसात. मैसूरजवळच्या हूटगळ्ळीहून हे जमतं. हूटगळ्ळी ही शहराच्या वायव्येला हुणसूर रस्त्यावरची औद्योगिक वसाहत, अलीकडे नगरसभा झालेली. कारखाने, कामगारांची घरं, बसथांबे, मेसचे फलक. पर्यटक इथे उतरत नाहीत. पण इथून पहाटे गाडी काढली तर चुंचनकट्टे, कृष्णराजसागराखालचं बलमुरी आणि शिवनसमुद्रचे गगनचुक्की व भरचुक्की हे दोन्ही धबधबे बघून रात्रीच्या जेवणाला घरी परतता येतं. जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरच्या आसपास प्रवास होतो. चारही ठिकाणी नदी एकच, कावेरी.

माझी ताई आणि दाजी हूटगळ्ळीत राहतात. ऑगस्टमध्ये आम्ही सगळे निघालो, आई पुढच्या सीटवर आणि भाचरं मागे. आभाळ होतं, पण रस्ता कोरडा होता. आईने विचारलं, "पाऊसच नाही, मग धबधबा कसला दिसणार?" दाजी म्हणाले, "आई, पाऊस इथे लागत नाही. कोडगूत पडला की झालं."

दाजींच्या या एका वाक्यात कावेरीचा सगळा कारभार आला. मैसूरला वर्षभरात साधारण ८०० मिलिमीटर पाऊस होतो. कावेरी उगम पावते त्या कोडगूतल्या तळकावेरी-भागमंडलाच्या डोंगरात पाच-सहा हजार मिलिमीटर होतो, आपल्या आंबोली-महाबळेश्वरच्या पंक्तीतला. पंढरपुरात थेंब नसताना चंद्रभागेला पूर येतो, तसाच इथला प्रकार. उगम समुद्रसपाटीपासून १,२७६ मीटरवर आहे आणि तिथून बंगालच्या उपसागरापर्यंत नदी सुमारे ८०० किलोमीटर चालते. उताराचा मोठा भाग ती हळूहळू, कळू न देता उतरते. एका शिवनसमुद्रला मात्र ३२० फूट, म्हणजे जवळजवळ ९८ मीटर उतरते. साऱ्या आयुष्याच्या उताराचा तेरावा हिस्सा एका ठिकाणी.

चुंचनकट्टे त्या मानाने लहान. उंची सुमारे २० मीटर, साठ-पासष्ट फूट. काठावर कोदंडरामाचं देऊळ आहे. इथे सीता रामाच्या उजव्या हाताला उभी आहे, नेहमीसारखी डावीकडे नाही. देवळाच्या आवारात सगळीकडे पाण्याचा घोष ऐकू येतो आणि गाभाऱ्यात तो ऐकू येत नाही, असं तिथले लोक सांगतात. आई गाभाऱ्यासमोर बराच वेळ डोळे मिटून उभी होती.

उंची कमी असूनही चुंचनकट्टे मला मोठा वाटला, कारण तो रुंद आहे. धबधब्याच्या वर नदी दोन प्रवाहांत फुटते आणि खडकांच्या रांगेवरून एकदम कोसळते. २० मीटर उंचीवरून सुटलेलं पाणी सरळ पडलं तर दोन सेकंदांत तळाला येतं आणि तेव्हा त्याचा वेग ताशी ७० किलोमीटर असतो. घरापासून आमची गाडी ज्या वेगाने आली, साधारण तोच. भाचीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मामा, मग हेच पाणी आता आपल्या पुढे शिवनसमुद्रला पोचेल ना? आपण परत तेच बघणार?"

प्रश्न फार चांगला होता. उत्तर नाही असं आहे, आणि ते पुढच्या थांब्यावर मिळतं.

चुंचनकट्टेचं पाणी पुढे कृष्णराजसागरात जातं. लोक त्याला केआरएसच म्हणतात. हेमावती आणि लक्ष्मणतीर्थ याही नद्या त्याच जलाशयात येतात. भिंत ८,६०० फूट लांब आहे, अडीच किलोमीटरांहून जास्त. साठवण क्षमता ४९.४५ टीएमसी. लिटरमध्ये मांडली तर १ लाख ४० हजार कोटी लिटर होते. भारताची लोकसंख्या १४० कोटी धरा. म्हणजे या एका धरणात काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या प्रत्येक माणसाच्या नावावर हजार लिटर पाणी साठतं, तान्ह्या बाळापासून सगळ्यांच्या. कोयना १०५ टीएमसी म्हणजे याच्या दुप्पट, हेही महाराष्ट्रातल्या वाचकाने लक्षात ठेवावं.

आता भाचीच्या प्रश्नाचं उत्तर. धरण भरलेलं आहे आणि त्यात दहा हजार क्युसेकने पाणी येतंय, तितकंच बाहेर जातंय असं समजू. दहा हजार क्युसेक म्हणजे दिवसाला ०.८६ टीएमसी. मग आत आलेल्या पाण्याला बाहेर पडायला सरासरी ५७ दिवस लागतात. सकाळी चुंचनकट्टेला जे पाणी पडताना पाहिलं, ते शिवनसमुद्रला पोचेपर्यंत दसरा उजाडलेला असू शकतो. आणि दुपारी शिवनसमुद्रला पडणारं पाणी चुंचनकट्टेहून जूनच्या पहिल्या पावसात सुटलेलं असू शकतं. एका दिवसाच्या सहलीत आपण दोन महिन्यांच्या अंतरावरचं पाणी बघून येतो. पूर आला, एक लाख क्युसेक येऊन एक लाख सुटू लागले, की हाच मुक्काम सहा दिवसांवर येतो.

या धरणाशी मराठी माणसाचं नातं आहे. ते बांधायला १९११ मध्ये सुरुवात झाली तेव्हा मैसूर संस्थानचे मुख्य अभियंता होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचं अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्यात झालं. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात ते १८८४ मध्ये लागले, नाशिक, खानदेश, पुणे असे फिरले. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की आपोआप उघडणारी दारं त्यांनी १९०३ मध्ये आपल्या खडकवासल्याला बसवली आणि तीच कल्पना पुढे इथे आणली. पुण्याच्या धरणावर पारखून घेतलेली युक्ती पंचवीसपट मोठ्या धरणावर वापरली गेली.

बलमुरीला आम्ही फार थांबलो नाही. तो जुना बंधारा आहे, माणसाच्या उंचीएवढा, आणि त्यावरून पाण्याचा एकसंध पडदा उतरतो. पोरांना पाण्यात जायचं होतं, दाजींनी साफ नाही म्हटलं. ते बरोबरच होतं. वर धरण आहे. एक लाख क्युसेक सुटले की हा बंधारा दिसतही नाही, वरचं आणि खालचं पाणी एक होतं. इथे उंचीचा आकडा माणसाला फसवतो. सहा फुटांच्या धबधब्याला कोणी भीत नाही.

पुढे टी. नरसीपूरला कबिनी येऊन मिळते. ती वायनाडचं पाणी आणते, तिच्यावर १९.५२ टीएमसीचं वेगळं धरण आहे. म्हणून शिवनसमुद्रला किती पाणी असेल हे केआरएसच्या एकट्या आकड्यावरून ठरत नाही. कोडगू आणि वायनाड दोन्हीकडे मिळून काय चाललंय ते बघावं लागतं.

शिवनसमुद्र हे कावेरीतलं बेट. श्रीरंगपट्टण आदिरंग, हे मध्यरंग आणि तमिळनाडूतलं श्रीरंगम अंत्यरंग, अशी तिच्या तीन बेटांवरच्या रंगनाथांची परंपरा आहे. बेटाच्या दोन्ही बाजूंनी नदी फुटते. मंड्याकडची बाजू गगनचुक्की, चामराजनगरकडची भरचुक्की. गगनचुक्की दरीपलीकडच्या सज्ज्यावरून बघायचा, तो खडकांवर आपटत, टप्प्याटप्प्याने, धुराळा उडवत उतरतो. भरचुक्की लांबरुंद, धनुष्यासारखा वळलेल्या कड्यावरून अनेक धारांनी पडणारा. पाणी कमी असलं की भरचुक्कीच्या पायथ्याशी वेताच्या गोल नावा, हरिगोलु, चालतात. त्या दिवशी त्या काठावर पालथ्या घालून ठेवल्या होत्या.

कड्याचा खडकही बघण्यासारखा आहे. आपल्या सह्याद्रीत धबधबे बसाल्टच्या पायऱ्यांवरून पडतात आणि तो काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांचा आहे. मैसूर पठाराखालचा नीस खडक २५० ते ३४० कोटी वर्षांचा, म्हणजे सह्याद्रीच्या पाषाणाहून चाळीस-पन्नास पटींनी जुना. जवळून पाहिलं तर करड्या-पांढऱ्या पट्ट्या दिसतात.

आता मूळ आकड्याकडे. नायगाराचं पाणी अमेरिका आणि कॅनडा दोघे विजेसाठी वळवतात. धबधबा कोरडा दिसू नये म्हणून दोन्ही देशांनी १९५० मध्ये करार केला. पर्यटनाच्या हंगामात दिवसा किमान एक लाख घनफूट प्रतिसेकंद पाणी धबधब्यावर सोडायचं, रात्री आणि हिवाळ्यात पन्नास हजार. म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत नायगारासमोर उभ्या असलेल्या माणसाला जे दिसतं, ते एक लाख क्युसेक. केआरएसमधून एक लाखाच्या वर विसर्ग २०१९ मध्ये झाला, २०२४ मध्ये झाला. अशा दिवशी, कबिनीचं पाणी बाजूला ठेवलं तरी, शिवनसमुद्रच्या दोन धबधब्यांवरून मिळून एक अख्खा नायगारा जातो. नायगाराची उंची पावणेदोनशे फुटांच्या आसपास आहे, आपल्या बेळगावकडच्या गोकाकच्या धबधब्याएवढीच. शिवनसमुद्रची एकूण उतरण ३२० फूट. नायगाराचं पाणी, आणि जवळजवळ दुप्पट उंची.

मला हे वाचून नाही, तिथे उभं राहून पटलं. आम्ही गेलो त्या दिवशी लाख क्युसेक नव्हते, त्याच्या आसपासही नव्हते. तरी सज्ज्याचा कठडा धरला की हाताला थरथर लागत होती. मार्च-एप्रिलमध्ये याच कड्यावर काळा खडक आणि दोन-तीन पांढऱ्या रेघा उरतात. उंची तेव्हाही ३२० फूटच असते.

म्हणून उंचीवरून धबधब्यांची प्रतवारी लावणं मला मान्य नाही. जोग २५३ मीटर, दूधसागर ३१० मीटर, व्हेनेझुएलाचा एंजल ९७९ मीटर, ही यादी पाठ करायला सोपी आहे. पण धबधब्याची ताकद उंची गुणिले पाणी अशी निघते. एक लाख क्युसेक आणि ९८ मीटर यांचा गुणाकार केला तर २,७०० मेगावॉट होतात. महाराष्ट्राचा विजेचा मोठा आधार असलेल्या कोयना प्रकल्पाचे सगळे टप्पे मिळून स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट आहे. एवढी ताकद शिवनसमुद्रला पुराच्या दिवशी नुसती कोसळत असते.

दुसऱ्या टोकाने बघा. आपल्या बिलावरचं एक युनिट वीज तयार करायला, वाटेत काहीही वाया गेलं नाही तरी, ३,७५० लिटर पाणी ३२० फूट खाली पडावं लागतं. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घरासाठी पावणेचार लाख लिटर. पंख्याचं बटण चालू ठेवून बाहेर जाताना हा आकडा माझ्या मनात येतो. आणि लाख क्युसेकच्या पुरात एका सेकंदात ७५० युनिटांहून अधिक ऊर्जा खाली येते, त्याच घराची सात महिन्यांची वीज.

या पाण्याला कामाला लावणारं वीजघर इथेच खाली आहे. मैसूरचे दिवाण के. शेषाद्री अय्यर यांनी योजना मार्गी लावली, जोली द लोत्बिनिएर या अभियंत्याने ती आखली. १९०२ च्या जूनअखेर वीज सुरू झाली आणि ती गेली कुठे, तर ९२ मैलांवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींत. तेव्हा एवढ्या लांब वीज नेणाऱ्या तारा जगात मोजक्या होत्या. शेषाद्री अय्यर मात्र आदल्याच वर्षी वारले, त्यांना हे बघायला मिळालं नाही. सुरुवातीची क्षमता सुमारे ४,३०० किलोवॉट होती. बेंगळुरूच्या रस्त्यांवर १९०५ मध्ये विजेचे दिवे लागले ते याच पाण्यावर. मुंबईच्या गिरण्यांना टाटांची खोपोलीची वीज मिळायला १९१५ उजाडलं. हे आशियातलं पहिलं जलविद्युत केंद्र, असं तिथे अनेकजण सांगतात. ते खरं नाही, दार्जिलिंगजवळ सिद्रापाँगला १८९७ मध्येच वीज झाली होती. पण सिद्रापाँग एका थंड हवेच्या गावापुरतं होतं. इथे पडणाऱ्या पाण्याने दीडशे किलोमीटरवरच्या खाणी चालवल्या, आणि त्यांतली चॅम्पियन रीफ पुढे जमिनीखाली तीन किलोमीटरांच्याही पलीकडे गेली.

उन्हाळ्यात नदी आटली की वीज कमी पडायची आणि खाणी अडायच्या. केआरएस बांधण्यामागचं एक मोठं कारण हेच. धबधब्यासाठी धरण झालं, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. आज वीजघराची क्षमता ४२ मेगावॉट आहे. पुराच्या २,७०० मेगावॉटपुढे ती साठाव्या हिश्शाहूनही कमी.

मग बाकीची ताकद जाते कुठे? आवाजात थोडी, आणि बहुतेक सगळी उष्णतेत. ९८ मीटर पडून स्थिरावलेलं पाणी वरच्या पाण्याहून ०.२३ अंश सेल्सिअसने गरम असतं. एवढं कोसळणं, एवढी गर्जना, आणि पाव अंशसुद्धा नाही. जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाला १८४७ मध्ये हाच फरक मोजायचा होता. लग्नानंतरच्या प्रवासात आल्प्समध्ये तो लांबलचक थर्मामीटर घेऊन धबधब्याकडे निघालेला भेटला, अशी आठवण लॉर्ड केल्विन यांनी सांगितली आहे. धबधब्यावर सहकुटुंब जाऊन आकडेमोड करणाऱ्यांत तो आपला पूर्वज म्हणायला हरकत नाही.

प्रत्यक्षात हा फरक सापडणं अवघड, कारण पाणी पडताना फुटतं आणि हवेत सुकू लागतं. भरचुक्कीला मी पोरांना एक काम दिलं. कड्यावरून सुटणारा पांढरा गोळा निवडायचा, बोटाने धरायचा आणि तळापर्यंत न सोडता न्यायचा. सलग दोनशे फूट पडायला साडेतीन सेकंद लागतात. शेवटी वेग ताशी १२५ किलोमीटर व्हायला हवा. पण कोणाचंच बोट तळापर्यंत पोचलं नाही. गोळा मध्येच विस्कटतो, त्याची लोंबती शेपटं होतात, मग दाणे, मग धूर. कारण एकदा थेंब झाला की त्याला हवा अडवते. पाच मिलिमीटरचा मोठा थेंबसुद्धा ताशी तेहतीस किलोमीटरच्या वर जाऊ शकत नाही. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा तुषार तर सेकंदाला वीतभरच उतरतो. त्याला तेच दोनशे फूट उतरायला चार मिनिटं लागतात, तीही वारा नसेल तर. वारा असतोच. म्हणून तो खाली न पडता वर येतो, समोरच्या सज्ज्यावर, आईच्या चष्म्यावर.

एका लिटरचे असे तुषार केले तर ते १९० कोटी होतात. त्यांचा सगळा पृष्ठभाग जोडला तर साडेसहाशे चौरस फूट भरतो, एका लहान फ्लॅटएवढा. एका लिटरचा! एवढ्या पसरलेल्या ओल्या पृष्ठभागावरून पाणी सुकत असतं आणि सुकताना हवेतली उष्णता ओढून घेतं. पायऱ्या उतरू लागलं की वीसेक पावलांत अंगावर गारवा येतो तो याचाच. आईने पदर डोक्यावरून घेतला आणि म्हणाली, "वर पाऊस नव्हता, तो इथे लागला बघ."

तुम्हाला हे बघायचं असेल तर एक विनंती. निघण्याआधी हवामानापेक्षा केआरएस आणि कबिनी या दोन धरणांचा त्या दिवसाचा विसर्ग बघा, पावसाळ्यात तो रोज जाहीर होतो. आकडा काही शे क्युसेकांवर असेल तर शिवनसमुद्र पुढे ढकला, खडक बघून याल. दहा-वीस हजार असेल तर लगेच निघा. आणि लाखाच्या जवळ असेल तर बलमुरी वगळा, पोरांना पाण्याच्या काठाशीही जाऊ देऊ नका, थेट गगनचुक्कीच्या सज्ज्यावर जा आणि कठड्याच्या अलीकडे उभे राहा.